‘तीन काहून?’ हा प्रश्न गिळू नकोस

वाचकाचे पत्र: आदरणीय सर, मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गणित घेऊन शिकते. आम्ही चौघे, दोन मुली आणि दोन मुले, दर रविवारी गावातल्या वाचनालयाच्या खोलीत जमून स्पर्धापरीक्षांतील आणि अभ्यासक्रमाबाहेरील गणिते सोडवतो. आमच्यातील एक मित्र फार हुशार आहे. प्रश्न वाचून होत नाही तोच त्याला उत्तर सुचते. मागच्या रविवारी प्रश्न असा होता: कोणतेही पाच पूर्णांक घेतले, तरी त्यांतून असे तीन निवडता येतात की त्यांच्या बेरजेला ३ ने भाग जातो, हे सिद्ध करा. मित्र लगेच म्हणाला, ‘३ ने भागले की बाकी ०, १ किंवा २ एवढीच येते. संख्या पाच, बाक्या तीन, कबुतरखान्याचे तत्त्व लावा. तिघांची बाकी सारखी येणार, बेरजेला भाग गेलाच.’ मी विचारले, ‘तीन काहून?’ सगळे हसले. मग मीही मान हलवली आणि वहीत तेच उतरवले. असे दर रविवारी होते. तिथे सगळे समजल्यासारखे वाटते आणि घरी एकटी बसले की काहीच येत नाही. दुसरा मित्र अडले की लगेच मोबाइलवर उत्तर शोधतो. घरचे म्हणतात की गणित एकट्याने बसूनच होते, चौघे जमले की गप्पाच होतात. मी या गटात काहीच भर घालत नाही, मग जाणे बंद करावे काय?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या बाकीच्या शंकांकडे मी नंतर येतो. आधी त्या रविवारचा हिशेब पुरा करू, कारण तो तुझ्या वहीत अजून चुकीचाच पडून आहे. तू विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि तुझ्या मित्राची सिद्धता चुकीची होती.

कबुतरे आपल्याकडे फार नाहीत, म्हणून बैल घेऊ. तीन खुंट्यांना पाच बैल बांधायचे असतील, तर कोणत्या तरी एका खुंट्याला निदान दोन बैल येणार, एवढेच हे तत्त्व सांगते. एका खुंट्याला तीन येतीलच अशी खात्री हवी असेल, तर गोठ्यात सात बैल लागतील. तुमच्याकडे पाचच होते. १, २, ३, ४, ५ याच संख्या घे. त्यांच्या बाक्या अनुक्रमे १, २, ०, १, २ अशा येतात आणि त्यांत एकसारख्या तीन कुठेच नाहीत. ‘तीन काहून?’ या तुझ्या दोन शब्दांत ही संपूर्ण हरकत होती.

आता गंमत अशी की, विधान मात्र खरे आहे. याच पाच संख्यांत १, २ आणि ३ यांची बेरीज ६ होते आणि तिला ३ ने भाग जातो. म्हणजे भाग गेला, पण तो बाक्या सारख्या असल्यामुळे गेला नाही, तर तिन्ही बाक्या वेगवेगळ्या असल्यामुळे गेला. येथूनच दुरुस्ती सापडते. एकही खुंटा रिकामा नसेल, तर प्रत्येक खुंट्याचा एक बैल सोडून आणावा. बाक्यांची बेरीज ०, १ आणि २ मिळून ३ होते आणि काम झाले. एखादा खुंटा रिकामा असेल, तर पाच बैल उरलेल्या दोनच खुंट्यांना (किंवा एकालाच) बांधलेले असणार, आणि मग एका खुंट्याला तीन येणे भागच आहे. त्या तिघांची बाकी सारखी, म्हणून बेरजेला ३ ने भाग जातो. तुझ्या मित्राला अवजार योग्य सुचले होते, पण ते सिद्धतेच्या दुसऱ्या अर्ध्या भागातच चालते. पहिला अर्धा भाग त्याला दिसला नाही, कारण त्याला थांबवणारी एकमेव व्यक्ती हसणे ऐकून गप्प बसली.

तुझ्या मित्राच्या वेगाला मी दोष देत नाही. प्रश्न वाचताच कोणते तत्त्व लागेल याचा वास येणे हा गुणच आहे आणि तो बऱ्याच सरावाने येतो. परंतु ज्याला वास लवकर येतो, त्याला मधल्या पायऱ्या पाहण्याचा कंटाळा येतो, आणि ज्याला येत नाही, तो प्रत्येक पायरीवर पाय ठेवून पाहतो. गटाला या दोन्ही माणसांची गरज असते. तुमच्या खोलीत सध्या पहिलाच बोलतो आणि दुसरी लिहून घेते. एवढी एकच व्यवस्था तुम्ही उलटी करावी, असे माझे सांगणे आहे. ज्याला गणित आलेले नाही, त्याच्या हातात खडू द्यावा.

हे कसे करायचे ते नीट सांगतो, कारण नुसते ‘सर्वांनी भाग घ्या’ म्हटल्याने काही होत नाही. प्रश्न वाचून झाला की पहिला अर्धा तास चौघांनी चार कोपऱ्यांत आपापल्या वहीत एकट्याने झुंजावे. ज्याला उत्तर सुचले, त्याने ते लिहून वही मिटावी आणि तोंडही मिटावे. त्याला फारच चुळबूळ होत असेल, तर त्याने आपल्या उत्तरातच भोक शोधावे. अर्ध्या तासानंतर जो सर्वांत मागे असेल, तो फळ्यापाशी उभा राहील. फळा नसेल, तर शहाबादी फरशी पुरे आहे. मी स्वतः कित्येक वर्षे फरशीवर उकिडवे बसून गणिते केली आहेत आणि पुसायला ओले फडके जवळ ठेवले आहे. हुशार मित्राने बोलायचे, पण खडूला हात लावायचा नाही. खडूवाल्याने तेवढेच लिहायचे, जेवढे त्याला स्वतःला पटले आहे. ‘काहून?’ असे त्याने विचारले की बाकीच्यांनी उत्तर द्यायचे, आणि ते देता आले नाही, तर तेथेच मुक्काम करायचा. पाच बैलांच्या गणितात तुझ्या हातात खडू असता, तर ‘तिघांची बाकी सारखी’ हे वाक्य तुझ्याने लिहिलेच गेले नसते आणि तुमचा तो रविवार सार्थकी लागला असता.

पहिल्या काही रविवारी हे फार हळू चालेल. पूर्वी चार तासांत सहा गणिते होत असतील, तर आता दोन होतील, आणि तुझा मित्र वैतागेल. त्याला माझे नाव सांगून वैतागू दे.

ज्या गटात सर्वजण माना डोलावतात, तेथे काय होते हे मी अनुभवाने सांगू शकतो. एम.एस्सी.ला असताना आमचाही पाच जणांचा असाच गट होता. ग्रुप थिअरीतील एक साधा प्रश्न घरी करायला दिला होता: ज्या ग्रुपमधील (म्हणजे गुणाकारासारखी एक क्रिया ठरावीक नियमांनी चालते अशा संचातील) प्रत्येक घटकाचा वर्ग एकक घटक ए (ज्याने गुणले तरी काही बदलत नाही तो) असतो, तो ग्रुप क्रमनिरपेक्ष असतो, म्हणजे त्यात अब आणि बअ नेहमी सारखेच असतात, हे दाखवा. आमच्यातील सर्वांत हुशार मुलाने चहा पिता पिता सांगितले की (अब)² म्हणजे अ²ब², त्यावरून पुढचे आपोआप येते. पाचही जणांनी तेच लिहिले. सरांनी पाचही वह्या एकावर एक ठेवल्या, वरच्या वहीवर लाल शाईने एक आडवी रेघ मारली आणि म्हणाले, ‘ही रेघ पाचही जणांनी वाटून घ्या.’ चूक अशी होती की (अब)² म्हणजे अबअब. त्याचे अ²ब² करायचे, तर मधल्या ब आणि अ यांची अदलाबदल करावी लागते, आणि अशी अदलाबदल करता येते हेच तर सिद्ध करायचे होते. चोराच्याच हातात तिजोरीची किल्ली दिल्यासारखे झाले. खरी सिद्धता एका ओळीची आहे: अबअब = ए याला डावीकडून अ ने आणि उजवीकडून ब ने गुणले की अ² आणि ब² यांचे ए होऊन डाव्या बाजूला बअ उरते आणि उजव्या बाजूला अब येते. ती आमच्यापैकी कोणालाही अवघड नव्हती. पाचांपैकी एकाने जरी ‘मधले दोघे जागा काहून बदलतात?’ असे विचारले असते, तरी ती सापडली असती. मला त्या वेळी शंका आली होती आणि मी ती चहाबरोबर गिळली, म्हणून तुझे पत्र वाचून मला राहवले नाही.

घरी गेल्यावर काही येत नाही, या तक्रारीचे मूळही येथेच आहे. बांधावर उभे राहून दुसऱ्याचे वखरणे कितीही नीट पाहिले, तरी आपल्या हाती वखर आल्यावर तास सरळ जात नाही. रविवारी जे झाले, त्याची वही सोमवारी उघडायची नाही. मंगळवारी किंवा बुधवारी, मधे एक-दोन रात्री गेल्यावर, कोऱ्या कागदावर केवळ प्रश्न लिहून संपूर्ण सिद्धता वाक्यांसह पुन्हा मांडायची. जेथे पेन थांबेल, तेथे वर्तुळ काढायचे आणि पुढच्या रविवारी ते वर्तुळ गटासमोर ठेवायचे. एसटीची वाट पाहण्यात तुम्हा मुलांचा जो वेळ जातो, तो या कामी फार उपयोगी पडतो, कारण त्या वेळी जवळ वही नसते आणि गणित डोक्यातच फिरवावे लागते.

आणखी एक उपाय तुमच्या त्याच गणितावरून सांगतो. ‘कोणतेही पाच’ आणि ‘त्यांतून असे तीन’ या दोन शब्दप्रयोगांत कोण निवडतो हा प्रश्न दडलेला आहे, आणि इंग्रजी पुस्तक वाचताना आपली मुले नेमकी तेथे गोंधळतात. म्हणून त्याचा खेळ करावा. एकाने आडमुठेपणाने, दुसऱ्याला हरवण्याच्याच हेतूने पाच संख्या द्याव्यात. दुसऱ्याने त्यांतून तीन निवडाव्यात. दहा डाव खेळून देणारा प्रत्येक वेळी हरला की त्याला आपण का हरतो हे कळू लागते, आणि ते कळणे म्हणजेच सिद्धता. मग पाचाऐवजी चारच संख्या द्यायची मुभा द्यावी. त्याने ३, ६, १ आणि ४ दिल्या, तर तीन-तीनच्या बेरजा १०, १३, ८ आणि ११ एवढ्याच होतात आणि एकीलाही ३ ने भाग जात नाही. येथे देणारा जिंकला. पाच ही संख्या प्रश्नात उगाच आलेली नाही, हे या डावात जेवढे ठसते तेवढे मी फळ्यावर कितीही सांगितले तरी ठसणार नाही. हा खेळ खुशाल वऱ्हाडीत खेळावा. सिद्धता ज्या भाषेत परीक्षा द्यायची त्या भाषेत लिहावी, पण भांडण आपल्या बोलीतच करावे, कारण परक्या भाषेत भांडताना माणूस अर्ध्या शंका सोडून देतो.

मोबाइलवाल्या मित्राविषयी थोडक्यात सांगतो. मोबाइल बंद करून वाचनालयाच्या कपाटात ठेवावा आणि पुढच्या रविवारपर्यंत त्या प्रश्नाचे उत्तर कोणी पाहू नये. आठवडाभर झुंजूनही प्रश्न सुटला नाही, तर उत्तर वाचण्यात मुळीच कमीपणा नाही. मात्र ते एकाने वाचावे, आणि बाकीच्या तिघांना त्याने फक्त पहिली पायरी सांगावी.

घरचे म्हणतात ते निम्मे खरे आहे. तो एकट्याचा अर्धा तास आणि बुधवारचा कोरा कागद कोणालाही चुकत नाही. परंतु गणित एकट्यानेच होते, असे म्हणणाऱ्यांना तुमच्या याच प्रश्नाचा इतिहास सांगता येईल. पाचांतून तीन हा एका मोठ्या प्रमेयाचा छोटा भाग आहे: कोणत्याही २न−१ पूर्णांकांतून असे न पूर्णांक निवडता येतात की त्यांच्या बेरजेला न ने भाग जातो (न म्हणजे ३ घेतले की तुमचा प्रश्न). हे प्रमेय १९६१ साली तिघांनी मिळून सिद्ध केले, एर्डॉस, गिन्झबर्ग आणि झिव्ह. त्यांपैकी पॉल एर्डॉस या हंगेरियन गणितज्ञाने आयुष्यभरात ५०० हून अधिक जणांबरोबर शोधनिबंध लिहिले. एक बॅग घेऊन तो या गणितज्ञाच्या घरून त्या गणितज्ञाच्या घरी जाई आणि तेथे मुक्काम ठोकून गणित करी. त्याच्या सोबतीला बसणारा प्रत्येक जण त्याच्याइतका वेगवान नक्कीच नव्हता.

तू काही भर घालत नाहीस, या तुझ्या म्हणण्यालाही जुने उत्तर आहे. इंग्लंडमधील हार्डी आणि लिटलवूड यांनी सुमारे ३५ वर्षे एकत्र गणित केले. आपल्या रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारा हार्डी तो हाच. दोघांनी एकत्र कामासाठी काही नियम ठरवले होते, असे त्यांच्या परिचयातील एका गणितज्ञाने पुढे सांगितले. त्यांतील एक नियम असा होता की एकाने दुसऱ्याला लिहिलेले बरोबर आहे की चूक याला महत्त्व नाही. आणि दुसरा असा की दोघांच्या नावाने निघणाऱ्या लेखात एकाचा वाटा अजिबात नसला तरी चालेल. कोणाचे किती, याचा हिशेब ठेवत बसलो तर चुकीचे बोलायची भीती वाटू लागते, हे त्या दोघांना ठाऊक असावे. तुम्हीही वहीत ‘हे गणित अमक्याने सोडवले’ असे लिहू नका. त्याऐवजी प्रत्येक गणिताखाली कोणाच्या शंकेमुळे सिद्धता बदलली, तेवढे लिहून ठेवा. त्या पाच संख्यांच्या गणिताखाली आजच्या तारखेने तुझे नाव लिहायला हरकत नाही.

दोन मुली आणि दोन मुले चार तास एका खोलीत काय करतात, ही जी काळजी तू लिहिली नाहीस पण ओळींच्या मागे मला दिसली, तिच्याविषयी वाद घालू नकोस. दार उघडे ठेवा, वेळ ठरलेली ठेवा आणि शेवटचा एक तास गावातील शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या पोरांना त्याच खोलीत शिकवा. ज्यांची पोरे तेथे शिकतील, ते आईबापच मग तुमची बाजू घेतील. शिवाय लहान मुलांसारखे ‘काहून?’ दुसरे कोणी विचारत नाही, आणि तुझ्या हुशार मित्राला त्याचा फार फायदा होईल.

परीक्षांविषयी दोन वाक्ये. ऑलिंपियाड बारावीपर्यंतच्या मुलांसाठी असते, त्यामुळे तुम्हा चौघांची ती संधी गेली आहे. पण तिचे जुने प्रश्न सरावाला उत्तम आहेत. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा असते. केरळात १४ व्या शतकात होऊन गेलेल्या माधव या गणितज्ञाच्या नावाने ती पुण्याचे स. प. महाविद्यालय आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून घेतात, आणि तिच्यात सिद्धता लिहाव्या लागतात, म्हणून ती मला विशेष आवडते. आयआयटीत एम.एस्सी.साठी लागणाऱ्या जॅम परीक्षेत पर्याय निवडायचे आणि संख्यात्मक उत्तरे भरायची असतात. तिचा सराव जरूर करावा, पण तो रविवारच्या गटात करू नये, कारण पर्याय समोर दिसले की कोणी ‘काहून?’ विचारत नाही. आणि १९९३ पासून उन्हाळ्यात भरणाऱ्या एमटीटीएस (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) या गणित शिबिराचा अर्ज चौघांनीही करावा. तेथे शिक्षक उत्तर सांगण्याऐवजी मुलांना प्रश्न विचारत राहतात.

येत्या रविवारसाठी माझ्याकडून एक प्रश्न घेऊन जा. कोणतेही सात पूर्णांक घेतले, तरी त्यांतून असे चार निवडता येतात की त्यांच्या बेरजेला ४ ने भाग जातो. बाक्यांचे प्रकार मोजत बसलात, तर फरशी पुरणार नाही. त्याऐवजी आधी एवढेच पाहा की कोणत्याही तीन पूर्णांकांत दोन असे असतातच की त्यांची बेरीज सम येते. सातांतून अशा जोड्या किती काढता येतील आणि प्रत्येक जोडीच्या बेरजेचे निम्मे केले तर हाती काय उरते, हे खडूवाल्याने, म्हणजे तू, फरशीवर लिहावे. ते झाले की त्याच वाटेने ११ संख्यांतून सहा निवडण्याचा प्रश्नही सुटेल, कारण त्यात तुमच्या पाच बैलांचे आणि या जोड्यांचे अशी दोन्ही कामे एकामागून एक लागतात. नऊ संख्यांतून पाच मात्र या वाटेने येणार नाहीत. पाच ही मूळ संख्या असल्यामुळे तिचे तुकडे करता येत नाहीत. तेथे तुमचा हुशार मित्रही थांबेल. तो कोणत्या ओळीवर थांबला आणि तू त्याला तेथे काय विचारलेस, ते मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
एक निवृत्त गणित शिक्षक